औषध पुरं करा

७ जुलै

चि. बारकीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे आईचे आहेत. वेगळं पत्र लिहायचा कंटाळा म्हणून तिने माझ्यातच मिसळायला सांगितले. वि. वि.

आई सुखरूप पोचली. गाडीत तिला खिडकी मिळाली, आणि शेजारी ऐकून घेणारी बाई मिळाली. या दोन गोष्टी मिळाल्या की ती जगाच्या टोकापर्यंत जाऊ शकते हे तू जाणतेसच. पायाची सूज उतरली आहे. मुलीकडे पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने तिच्या पडद्यांना दुमड घालायला बसावं, मशीनच्या पायट्याने नडगी सोलून घ्यावी आणि पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन माणसाला ताप भरावा, याला मी पाहुणचार म्हणावं की कामगार-अपघात, हे अजून ठरवलेलं नाही. आईच्या मते चूक मशीनची. तू त्याला तेल घालत नाहीस म्हणे.

तू औषधाच्या दुकानात चालू केलेल्या शिक्क्याचं मात्र कौतुक केलं पाहिजे. तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल शाईत ठसठशीत तीनच शब्द: ‘औषध पुरं करा’. आमचे जुने व्याकरणकार सूत्रातलं एखादं अक्षर वाचलं तरी दिवसभर खुशीत असायचे. तू तर अख्खं व्याख्यान वाचवलंस. लहानपणी तुला एक निरोप सांगायला धाडलं तर वाटेत त्याची कादंबरी व्हायची. त्या मानाने ही प्रगती डोळ्यांत पाणी आणणारी आहे.

आणि आईने तुझी आज्ञा तंतोतंत पाळली बरं का. परवा सकाळी पाय जमिनीवर टेकवून पाहिला. कळ नाही, लाली नाही. लगेच चष्मा लावून शिक्का पुन्हा एकदा वाचला आणि औषध पुरं केलं. उरलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यात गेल्या. त्या डब्यात गेलेली वस्तू कधी नष्ट होत नाही, नुसती वाट पाहत राहते. वहिनीची दाढ ठणकते आहे, तर त्यातलीच एक घेऊन बघ, असं आईने तिला सुचवलं. तुझी वहिनी म्हणाली की पायाच्या गोळीला दाढेपर्यंत पोचायला वाटेत फार अवयव लागतात, ती दमेल. तेव्हा गोळ्या अजून डब्यातच आहेत.

बाकी शाळा चालू आहे. माझ्या वर्गातल्या पोरांना ‘गम्’ धातू चालवता येत नाही, पण तास संपायच्या आत स्वतः चालू लागायला उत्तम येतं.

लोभ आहे तो तसाच राहू दे. नव्याने करायला वेळ लागतो.

तुझा
दादा


११ जुलै

ती. दादास,

बारकीचा साष्टांग नमस्कार, पण या खेपेला राग गिळून घातलेला. वि. वि.

फोनवर ओरडून झालं. आपल्या घरात फोन घाईसाठी आणि पत्र बोलण्यासाठी, म्हणून आता बोलते. पत्र वाचताना मी आधी दोन ओळी हसले आणि मग चहाचा कप तसाच टेबलावर ठेवून उठले. दादा, ‘पुरं करा’ म्हणजे सांगितलेलं सगळं औषध घेऊन संपवा! आई समजली ‘पुरं करा’, म्हणजे बास, आता थांबा. आणि तू, ज्याने पोरांना समास सोडवायला शिकवण्यात केस पिकवले, तू ते कौतुकाने मला लिहून कळवतोस!

बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, हे मी दिवसातून कितीदा सांगत असेन. पहिल्या काही गोळ्यांनी बरेच जंतू मरतात, ताप उतरतो, माणसाला हुशारी येते. पण चिवट असतात ते तग धरून बसलेले असतात. तेवढ्यात औषध थांबलं तर त्यांना मोकळं रान मिळतं, आणि पुढच्या वेळी तेच औषध त्यांना लागू पडेल याची खात्री राहत नाही. फोनवर सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण वहिनी ऐकते आणि तू नुसता हुंकार देतोस. आईचा पाय रोज उजेडात बघा. लाली पसरली, ताप आला, तर डॉक्टरांकडे न्या; उद्या बघू म्हणू नका. डब्यातल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका. वहिनीला माझा नमस्कार सांग; घरात एकच माणूस शहाणं आहे आणि ते बाहेरून आलेलं आहे.

आता इकडचं ऐक. आई एकटी नाही. आमच्या रस्त्यावरून बस नेतात ते ड्रायव्हर, छातीत कफ झाला म्हणून मागे औषध घेऊन गेले होते. परवा पुन्हा खोकत आले, पहिल्यापेक्षा जोरात. मी म्हटलं, गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या ना. तर त्यांनी खिशातून पाकीट काढून काउंटरवर आपटलं आणि म्हणाले की बाई, तुम्हीच लाल शाईत थांबायला सांगितलंय, आणि लाल दिसलं की मी थांबतो, माझा धंदाच आहे तो.

सगळं दुकान हसलं. मालक हसले नाहीत. दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. खोक्यांच्या मधे उभं राहून म्हणाले की शिक्क्याचं खूळ तुमचं होतं, मी शाई दिली, आता गिऱ्हाईक माझ्या दुकानाचं नाव घेऊन खोकतंय. यापुढे शिक्का नको, सूचना नको, प्रश्न तर नकोच. चिठ्ठी बघा, औषध द्या, पुढचं गिऱ्हाईक घ्या. चिठ्ठी नसली तरी फार ताणू नका. जमत नसेल तर महिनाअखेरपर्यंत ते दुसरं कुणी बघतील.

दादा, ते ड्रायव्हर माझ्या तीन शब्दांनी आजारी पडले. आई पडली तर तीही माझ्याच शब्दांनी. त्या दिवसापासून मी गप्प आहे. चिठ्ठी बघते, पट्टी कापते, पाकीट सरकवते. मालक खूश आहेत. कदाचित तेच बरोबर असतील. बोलून जर उलटंच कळत असेल तर गप्प बसलेलं काय वाईट?

पाय बघ. तुझा लोभ या पत्रानंतर कमी झाला असेल, उरला असेल तेवढा राखून ठेव.

तुझी
बारकी


१६ जुलै

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक गुन्हा दाखल. वि. वि.

फोनवर कळलंच आहे, तरी लिहून ठेवतो. तुझं भाकीत खरं ठरलं, आणि ते खोटं ठरावं अशी माझी फार इच्छा होती. शनिवारी सकाळी आईची नडगी पुन्हा लाल झाली, दुपारी लाली पोटरीवर चढली, संध्याकाळी आई अंगावर गोधडी घेऊन मला बरं आहे, मला बरं आहे असं दात वाजवत सांगत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधीचं औषध पूर्ण घेतलं होतं का? आई ताठ मानेने म्हणाली की माझ्या मुलीने, जी स्वतः फार्मासिस्ट आहे, शिक्का मारून थांबायला सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे पाहिलं आणि त्यातली अक्षरं लावत बसलो. आता दुसरं औषध आहे, आधीपेक्षा लांब मुदतीचं. आणखी उशीर केला असतात तर इस्पितळातच ठेवावं लागलं असतं आणि पायाचं मी सांगू शकले नसते, असं बाई म्हणाल्या. हे आईला सांगितलेलं नाही. तिला ते कळलेलं आहे, पण सांगितलेलं नाही.

आता गुन्ह्याकडे वळू. आरोपी तू नाहीस. आरोपी नपुंसकलिंग आहे. ‘डोस पुरा करा’ म्हणालीस तर कुणाच्या मनात किंतू येत नाही, पुल्लिंग सरळ चालीचं असतं. ‘औषध’ म्हटलंस की त्या बापड्याचं ‘पुरं’ होतं, आणि हे पुरं दिसायला हुबेहूब त्या दुसऱ्या पुरंसारखं असतं, जे आपण जेवताना वाढणाऱ्याचा हात अडवून म्हणतो. दोघं एकाच धातूची लेकरं. एक म्हणतं भांडं भरू दे, दुसरं म्हणतं भांडं भरलं, हात आवर. माणूस तापाने फणफणलेला असेल तर पहिलं ऐकतो. पाय टेकवून कळ आली नाही, की दुसरं. (‘पुरा’चा एक तिसरा अर्थही आहे, खड्डा खणून करायचा. या प्रसंगी तो नको.) गंमत बघ, आमच्याकडेही मात्रा आणि तुमच्याकडेही मात्रा. आमची अक्षराच्या डोक्यावर, तुमची पोटात. दोन्हींकडे ती गाळली की भलतंच होऊन बसतं.

झाली थट्टा. आता तुझ्या त्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल, जो वाचून मला तुझे कान उपटावेसे वाटले. शिक्का चुकला म्हणून बोलणं बंद करायचं, हा न्याय लावला असता तर आमची शाळा पहिल्याच परीक्षेनंतर बंद पडली असती. बारके, शिक्का चुकला तो तू बोललीस म्हणून नव्हे; तू बोलायची थांबलीस म्हणून. तीन शब्द छापलेस आणि तुझं काम शाईवर टाकलंस. शाई उलट विचारत नाही. आईने पाकीट उघडलं तेव्हा तिच्यासमोर तू असतीस आणि तिने तुला सांगितलं असतं की बरं वाटलं की थांबते, तर तू तिथल्या तिथे दोन्ही हात वर करून किंचाळली असतीस. तू किंचाळतेस छान.

नव्या औषधाचीच गोष्ट घे. चिठ्ठीवर लिहिलंय: दिवसातून तीनदा, जेवणानंतर. आईने समजलं म्हणून मान डोलावली. मीही डोलावली, आमच्या घराण्याची मान चांगली डोलते. तुझी वहिनी तेवढी म्हणाली, तुम्ही कशा घेणार ते मला सांगा. आई म्हणाली, दोनदा. का? तर ती दोनदाच जेवते, औषधाच्या हौसेसाठी तिसऱ्यांदा जेवणार नाही. आहे का काही म्हणायला! मग बाईंना फोन करून विचारलं, दुपारच्या चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली तर चालेल का. चालेल म्हणाल्या. म्हणजे एका प्रश्नावाचून रोजची एक गोळी बुडणार होती, आणि आपण सगळे तिच्या पायाकडे बघत जंतूंना शिव्या देत बसलो असतो.

तेव्हा शिक्का फेक, तोंड उघड. मालक दुकानाचे आहेत, तुझ्या जिभेचे नाहीत. तू गप्प बसलीस तर मी तुझ्या दुकानात येऊन प्रत्येक गिऱ्हाईकाला या दोन्ही ‘पुरं’चा ‘पॄ’ धातू मुळापासून समजावून देईन, मग मालकच तुझ्या पाया पडतील.

लोभाची मात्रा चुकवू नकोस.

तुझा
दादा


२४ जुलै

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. आज अक्षर वाकडंतिकडं आलंय, लावून घे. वि. वि.

शिक्का मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी केराच्या टोपलीत टाकला. मालकांनी तो उचलून पुसून खणात ठेवला. आपल्या आईचेच भाऊ शोभतील. आणि मी वहिनीचा प्रश्न उचलला. जंतूंवरचं औषध ज्याच्या चिठ्ठीवर असेल त्याला पाकीट देण्याआधी विचारते: हे तुम्ही घरी कसं घेणार, ते मला सांगा. एवढंच. दादा, काय काय निघतं म्हणून सांगू! एक बाई एका पोराचं पातळ औषध दोन्ही पोरांना अर्धं अर्धं देणार होत्या, कारण एकालाच गोड मिळालं तर दुसरं रडतं. शिवाय मोजणार होत्या भाजीच्या चमच्याने. त्यांना बाटलीचं मापाचं टोपण दाखवलं, ज्याचं औषध त्यालाच म्हटलं, दुसऱ्याला रिकाम्या टोपणातून साधं पाणी द्या. एका गृहस्थांचा बेत होता की सकाळची गोळी विसरली तर रात्री दोन घेऊन हिशेब मिटवायचा. जोडीने घेऊ नका, मला विचारा, म्हटलं.

आणि ड्रायव्हर. डॉक्टरांची नवी चिठ्ठी घेऊन आले आणि स्वतःच सांगायला लागले. गाडी बाहेर काढायच्या आधी एक, आणि आगारात लावून किल्ली परत केली की एक. किल्ली द्यायला मी कधी चुकत नाही म्हणाले. मी विचारलं, बरं वाटल्यावर? तर म्हणाले, बाई, शेवटच्या थांब्याआधी गाडी सोडून घरी जातो का मी? मी म्हटलं, हे वाक्य मला द्या. ते म्हणाले, घ्या, पण शिक्का करू नका.

यात वेळ जातो हे खरं. रांग दारापर्यंत जाते. मालक गल्ल्यावर बसून पेनाची टोपणं चावत होते. त्यांनी दोनदा आठवण करून दिली की महिनाअखेर जवळ आली आहे. मी म्हटलं, दिनदर्शिका माझ्याही डोळ्यांसमोर आहे.

आज दुपारी कडेलोट झाला. मालकांना सर्दी. नाक गळतंय, घसा खवखवतोय. ते माझ्या मागून आले आणि फळीवरून कॅप्सूलची पट्टी काढायला लागले. मी विचारलं, चिठ्ठी? त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाले की दोन घेतो, उद्या बरं वाटेल, उरलेल्या परत ठेवतो. मी पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली. दादा, खरंच काढून घेतली, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत. म्हटलं, डॉक्टरांना दाखवून या. त्यांनी आवाज चढवला की हे दुकान माझं आहे. मी म्हटलं, दुकान तुमचंच आहे. फळ्या तुमच्या, पंखा तुमचा, पट्टीसुद्धा तुमची. पण ती द्यायची की नाही हे सांगायला मला ठेवलंय.

ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका.

गल्ल्याच्या वर, घड्याळाशेजारी, माझं नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत टांगलेलं असतं. फार्मासिस्ट हजर नाही आणि तिचा कागद भिंतीवर नाही, तर दुकानाला औषध विकता येत नाही. मी स्टूल ओढलं, वर चढले, चौकट काढली, पदराने पुसली आणि पिशवीत घातली. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा राहिला. रांगेला म्हटलं, माफ करा, आज इथून औषध मिळणार नाही. ज्यांची चिठ्ठी हातात होती त्यांना पलीकडच्या चौकातलं दुकान सांगितलं. मग मालकांनी स्वतः शटर ओढलं, कारण दुसरं काही करता येईना.

मी घरी आले, चौकट टेबलावर ठेवली, आणि आता समजत नाहीये की मी काय करून बसले. तिथे नऊ वर्षं झाली. पण गप्प बसून आले असते तर याहून जास्त पस्तावले असते, एवढं कळतंय.

आईला सांगू नकोस. लोभ लागेल, सांभाळून ठेव.

बारकी


२८ जुलै

चि. बारकीस,

आशीर्वाद, या वेळी जरा मोठ्या आवाजात. वि. वि.

आईला सांगितलं. तिने पाकिटावरचं तुझं अक्षर बघूनच ओळखलं होतं. म्हणाली, या अक्षराला घाम आलाय, वाच. वाचलं. प्रमाणपत्राच्या जागी पांढरा चौकोन राहिला तिथे ती थांब म्हणाली आणि तेवढा भाग पुन्हा वाचून घेतला.

मी भाऊ या नात्याने लिहिणार होतो की काही दिवस इकडे ये, विश्रांती घे, पुढचं पुढे बघू. कागदावर तेवढं लिहिलंही होतं. आईने तो कागद फाडला. तिचा निरोप असा: पिशवी घेऊन इकडे यायचं नाही. पाहुणी म्हणून ये, पळून आलीस तर दार उघडणार नाही. ज्याला औषध विकायचंय त्याला ती चौकट लागणार आहे, तेव्हा त्याला तुझ्या दारात येऊ दे. तू त्याच्या दारात जायचं नाही. हे सगळं ती चहात बिस्किट बुडवून बोलत होती, कारण गोळीची वेळ झाली होती, आणि निरोपाच्या मधोमध बिस्किट चहात पडलं तरी तिने वाक्य सोडलं नाही. इतक्या वर्षांच्या व्याकरणाच्या अभ्यासात इतकं भक्कम आज्ञार्थी रूप माझ्या ऐकण्यात नाही.

पाय उतरतो आहे. काल ती मला म्हणाली की आता काही वाटत नाही, अगदी पहिल्यासारखा झालाय. मी आणि वहिनी एकदम तिच्याकडे वळलो. ती म्हणाली, वळू नका, घेतेय. गोळ्या तिने मशीनच्या झाकणावर ठेवल्या आहेत, डब्यात नाहीत. डबा तिने मला दाखवला; त्यात बटणं आहेत, नुसती बटणं. आधीच्या गोळ्या पुडीत बांधून वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांचं काय करायचं हे ती तुला विचारणार आहे.

मला विचारशील तर, पट्टी हातातून काढून घेतलीस हे वाचताना मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. वहिनी म्हणाली, बसा, टाळ्या वाजवायला समोर कुणी नाही. मी तरी वाजवल्या.

कळव. लोभ शिगोशीग आहे.

दादा


३ ऑगस्ट

ती. दादास, वहिनीस आणि सर्वांच्या वर असलेल्या आईस,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी कुणाच्या दारात गेले नाही. आईला आधी हे सांग.

मालकांनी दुसरी फार्मासिस्ट बोलावली होती. ती आली, काउंटर बघितलं, फळ्या बघितल्या, भिंतीवरचा पांढरा चौकोन बघितला आणि विचारलं की आधीच्या बाई का गेल्या. मालकांनी त्यांच्या परीने सांगितलं. ती म्हणाली, चिठ्ठीशिवाय मीही देणार नाही आणि विचारणार तर मीही, तेव्हा तुमचा आणि माझा दोघांचा वेळ वाचवू. आणि निघून गेली. मी तिला ओळखतही नाही, दादा. ओळख काढून तिला पेढे नाहीत तर निदान पत्र तरी धाडणार आहे.

मालक डॉक्टरांकडेही जाऊन आले. सर्दी वाढली होती, मला धडा शिकवायला चिठ्ठी आणायचीच होती. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले की ही साधी सर्दी, विषाणूची. हिला त्या कॅप्सूलचा काही उपयोग नाही. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, झोप घ्या. मालक रिकाम्या हाताने बाहेर पडले, आणि सरळ माझ्या दारात उभे राहिले. नाक लाल, आवाज बसलेला. पहिलं वाक्य काय, तर तक्रार की डॉक्टरने काहीच दिलं नाही. मी म्हटलं, छान झालं, डॉक्टर चांगले आहेत. माफी त्यांनी मागितली नाही. मलाही ती ऐकायची हौस नव्हती. ते इतकंच म्हणाले की शटर बंद राहिलं की गल्लीतला प्रत्येक जण विचारतो, त्या विचारणाऱ्या बाई कधी येणार. तुमचं नावही कुणाला माहीत नाही, म्हणाले, नुसतं ‘विचारणाऱ्या बाई’.

मी अटी घातल्या. चिठ्ठीशिवाय हे औषध कुणालाही मिळणार नाही, ‘कुणालाही’त मालक येतात. मी विचारणार, रांग कुठेही जावो. काउंटरच्या टोकाला एक स्टूल राहणार, म्हणजे ज्याला सांगायला वेळ लागतो त्याला बसून सांगता येईल. उरलेलं औषध लोकांनी आणून दिलं तर आम्ही घेऊन नीट नष्ट करायला पाठवणार. (आईला हेच सांग. टपालाने पाठवू नकोस म्हणावं, तिथल्याच दुकानात विचार.) त्यांना स्टुलाचा सर्वांत जास्त राग आला. म्हणाले की बसले की लोक उठत नाहीत. मी म्हटलं, उठवायचं काम माझं.

चौकट मी माझ्या हाताने परत लावली. पांढऱ्या चौकोनावर नीट बसली नाही, जरा तिरकी झाली. मालक म्हणाले, सरळ करा. मी म्हटलं, राहू दे, म्हणजे ती एकदा निघाली होती हे दिसत राहील.

पहिलं गिऱ्हाईक कोण, तर ड्रायव्हर. औषध घ्यायचं नव्हतं, त्यांचं संपलं होतं. नुसतं सांगायला आले होते की गाडी शेवटच्या थांब्याला लागली.

लोभ आहे हे आता मला विचारावं लागत नाही, तरी विचारते. सवय लागलीय.

तुमची
बारकी


९ ऑगस्ट

चि. बारकीस,

आईचा आशीर्वाद. आज वेगळं पत्र लिहितेय, तुझ्या दादाच्यात मिसळलं की त्याला त्याचा वास लागतो.

औषध पुरं केलं. यातलं कुठलं पुरं ते तुला कळेल. दादाला विचारू नकोस, तो धातूपासून सुरुवात करील. शेवटची गोळी काल चहाबरोबर घेतली. पाय बरा आहे; आणि ‘वाटतोय’ असं मी लिहिलेलं नाही, डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलंय. रिकामी पट्टी पत्रात घातली आहे. पडद्याची राहिलेली दुमड मी पुढच्या खेपेला येऊन घालीन, तोवर मशीनला तेल घालून ठेव.

वहिनीच्या दाढेला शेवटी दातांच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. ते आणायला मी गेले, जाताना पुडीतल्या जुन्या गोळ्या घेऊन. इथला दुकानदार तरुण आहे, मान वर करत नाही. त्याने जुन्या गोळ्या बघितल्या आणि म्हणाला, घरीच कचऱ्यात टाका. मी म्हटलं, घ्या, आणि नीट नष्ट करायला पाठवा, माझ्या मुलीच्या दुकानात घेतात. त्याने घेतल्या. मग वहिनीचं पाकीट सरकवलं आणि मागच्या माणसाकडे बघायला लागला. मी म्हटलं, थांबा, तुम्ही मला विचारलं नाहीत. काय विचारायचं, म्हणाला. मी म्हटलं, मी हे घरी कसं देणार ते विचारा. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. म्हणाला, पाकिटावर लिहिलंय सगळं. मी म्हटलं, लिहिलेल्याने माझा पाय जाणार होता. तेव्हा तुम्ही विचारा, मी सांगते, आणि चुकलं तर तुम्ही सांगा. तुम्ही विचारेपर्यंत मी इथून हलणार नाही. स्टूल असेल तर द्या.

स्टूल नव्हतं. एक खोकं होतं, त्यावर बसले.

शेवटी विचारलं त्याने. मी सांगितलं. एक गोष्ट चुकली होती, हे औषध दुधाबरोबर द्यायचं नाही. ते त्याने सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा मान वर केली. चेहरा बरा आहे पोराचा.

वहिनी बाहेर उभी होती, ती म्हणते की मागे रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि लोक कुरकुरत होते. असतील. मी वळून पाहिलं नाही.

लोभ डब्यात ठेवू नकोस, वापर.

आई